रिपोर्टाला इस्त्री

गिऱ्हाईक समोर बसलं की साडी विकणारा माणूस काय करतो? झटक्यात घडी मोडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो आणि जरीचा काठ दिव्याखाली असा फिरवतो की बाईंना घरचा स्वयंपाक विसरायला व्हावं. गांधीबागेतल्या आमच्या गल्लीत जेवढ्या गाद्या आहेत तेवढ्या गाद्यांवर हाच प्रयोग दिवसभर चालतो. आमच्या दुकानातले नत्थूजी धकाते मात्र साडी मांडीवर घ्यायचे, पालथी घालायचे आणि आधी तिची उलटी बाजू दाखवायचे.

"सामनेची बाजू तं कोणीबी दाखवते, वहिनी," ते म्हणायचे. "उलटीकडून पाहा. धागा कुठी लटकून राहिला, ते तिकडूनच समजते."

मी त्याच दुकानात, त्यांच्यापासून चार हातांवर, मॅचिंग ब्लाउजपीसच्या काउंटरवर उभा असायचो. म्हणजे वीस वर्षं मला नाटकाच्या पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली होती, तीही फुकट. एकदा भंडाऱ्याकडचं मोठं बिऱ्हाड लग्नाचा बस्ता बांधायला आलं. नवरीच्या आईला एक मोरपंखी साडी इतकी आवडली की ती हातातून सोडेना. नत्थूजींनी ती साडी हळूच तिच्याकडून काढून घेतली, पालथी घातली आणि किनारीजवळच्या एका जागी नखानं खूण केली. "इथी विणकराचं लक्ष उडालं होतं. घरी भांडण झालं असंन. घ्यायची तं घ्या, पण पाहून घ्या." गल्ल्यावर बसलेल्या शेठजींचा चेहरा त्या साडीइतकाच मोरपंखी झाला. बाईंनी ती साडी बाजूला ठेवली आणि नत्थूजी देतील त्या दुसऱ्या सात घेतल्या, न बघता. त्यावरही नत्थूजी रागावले. न बघता कशा घेता म्हणून सातही साड्या त्यांनी पालथ्या करून दाखवल्या.

हे त्यांच्या रक्तातच होतं. घराणं कोष्ट्याचं. वडील आणि धाकटा भाऊ गजानन हातमागावर बसत. मागावर कापड ज्या बाजूनं विणणाऱ्याला दिसतं ती बाजू गिऱ्हाईक कधी बघत नाही, आणि नत्थूजींना वाटायचं की बघायला पाहिजे. दिसायला बारीक, पोट मात्र पुढे आलेलं, पांढरा सदरा, उजवा गुडघा उभा करून बसायची सवय. साड्यांबद्दल ते नात्यातल्या बायकांसारखे बोलत. ही जरा रागीट आहे, हिला पाणी लावू नका. ही गरीब आहे, पण निभावून नेईल.

आणि घडी. चुकीची घडी त्यांना बघवत नसे. पोह्यांवर तर्री ओतलेली असायची, खालचा वर्तमानपत्राचा तुकडा तेलात भिजलेला असायचा, तरी पोहे संपले की ते तो कागद काठाला काठ जुळवून चार पदरी करणार आणि मगच टाकणार. त्यांच्या हृदयाच्या नळीत छल्ला, म्हणजे स्टेंट, बसवला तेव्हाची गोष्ट. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर पेशंट खाटेवर नाही. वॉर्डाच्या टोकाला धुतलेल्या चादरींची गाडी उभी होती आणि तिच्यापाशी नत्थूजी, हाताला सुईची पट्टी तशीच, एका सिस्टरला सांगत होते, "तुम्ही आडवी घडी करून राहिल्या, पोरी. उभी करा. कापड जास्त जगते."

"आजोबा, तुम्ही झोपा बरं," ती म्हणाली.

"झोपतो न. एवढ्या बारा करून."

सुटी मिळाली त्या दिवशी त्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं की आजोबांना अजून दोन दिवस ठेवता नाही येणार का.

सुटीच्या कागदावर औषधं होती, आणि त्यात ती गोळी होती, कोलेस्टेरॉल कमी करायची. कोलेस्टेरॉलला नत्थूजी "लोणी" म्हणत. रक्तात लोणी झालं आहे, ते वितळवायची गोळी. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच वेळी केलेल्या सोनोग्राफीत आणखी एक शब्द आला होता, फॅटी लिव्हर. साखरेचा आजार त्यांना आधीपासूनच होता, त्यामुळे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही. नत्थूजींना मात्र वाटलं.

इथे माझा अपराध सांगायला हवा. गोळ्यांच्या खोक्यात जो माहितीचा कागद असतो, शंभर घड्यांचा, तो त्यांनी दुकानात उलगडला. वाचायला नव्हे, घडी कशी केली आहे ते बघायला. मला म्हणाले, काय लिहिलं आहे ते वाच. मी काय, टाळ्या मिळतील असं दिसलं की उभा राहणारा माणूस. मी कागद दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि राजाचं फर्मान वाचावं तसं इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागलो. लिव्हरचा आजार असलेल्यांनी सावध, अशी ओळ आली तेव्हा तर मी आवाज असा खाली आणला की शेजारचा फॉलवालाही थांबून ऐकायला लागला. सगळे हसले. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला, जशाच्या तशा शंभर घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "गजानन लिव्हरनंच गेला न गा. डोळे हळदीसारखे झाले होते. पोट असं, बाईचं नवव्या महिन्यात राहते तसं. तेव्हाचे डॉक्टर म्हणत होते, याले कोणती बी गोळी द्याल तं जपून द्या, याचं लिव्हर सहन नाही करणार."

बाकी त्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. एवढं एकच वाक्य त्यांनी घडी घालून जपलं होतं.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासून रिपोर्ट मॅडमना दाखवायचा होता. आता बघा, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक साडी खोटी दाखवली नाही, त्यानं काय करावं? तपासणीच्या पंधरा दिवस आधी गोळी पूर्ण बंद. उरलेले दिवस एक दिवसाआड, तेही आठवलं तर. त्या पंधरा दिवसांत तर्री बंद, सावजीचा रस्सा बंद, सकाळी भुईआवळ्याचा रस, संध्याकाळी पपई आणि बागेला चार फेऱ्या. मी म्हटलं, नत्थूजी, हे काय करून राहिले?

"रिपोर्टाले इस्त्री," ते म्हणाले. "मॅडमसमोर चुरगळलेला रिपोर्ट घेऊन जाऊ काय? चांगलं नाही दिसत."

इस्त्री केलेला रिपोर्ट यायचाही तसाच. लिव्हरचा आकडा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या मुलीसारखा सालस, खाली मान घातलेला. आणि कोलेस्टेरॉल गच्चीवर चढून ओरडणारं. मॅडम चष्मा काढायच्या, पुसायच्या, पुन्हा बघायच्या. दहाची गोळी विसाची झाली. पुढच्या वेळी विसाची चाळीसची झाली. जितकी गोळी मोठी, तितकी नत्थूजींची भीती मोठी, आणि तितकी इस्त्री कडक.

"गोळी रोज घेता ना?" मॅडमनी एकदा सरळ विचारलं.

"घेतो न, मॅडम."

जिना उतरताना मला म्हणाले, "खोटं नाही बोललो. मेडिकलमधून दर महिन्याले घेतोच. तू मात्र कोणाजवळ बोलू नको."

मी शब्द दिला, आणि हसलो. आजही ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

लग्नसराईत एका दुपारी उमरेडचं कुटुंब गादीवर बसलं होतं. नत्थूजींनी एक डाळिंबी साडी पालथी घातली, आणि त्यांचा हात किनारीवरच थांबला. कपाळावर घाम. मला वाटलं उकडत असेल. त्यांनी ती साडी सावकाश, काठाला काठ जुळवून पूर्ण घडी केली, ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "एक मिनिट हं, वहिनी." मग त्या ढिगावरच रेलले.

झटका नव्हता, पण झटक्याच्या दारातून परत आले होते. दुसरी एक नळी अरुंद व्हायला लागली होती. दवाखान्याच्या बाकावर त्यांची मुलगी वर्षा माझ्याशेजारी बसली होती. ती हुडकेश्वरला राहते, शाळेत शिकवते, आई गेल्यापासून बापाला एकटीच सांभाळते. ती म्हणाली, "काका, मले एक सांगा. बाबा गोळी घेतात न? तुम्ही दिवसभर जवळ राहता म्हणून विचारून राहिली. आई गेली तेव्हा मी दहावीत होती. आता बाबाले काही झालं तं मले कोणी नाही."

आणि मी हो म्हणालो. नत्थूजींना शब्द दिला होता ना. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट संवाद तो, आणि एकाच अक्षराचा.

त्यांचं गुपित फोडायचं नव्हतं आणि माणूस मरूही द्यायचा नव्हता. मग मी मला जमतं ते केलं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "मॅडम, साडी लागली कधी, तर आमच्या दुकानात या. नत्थूजींच्याच हातून घ्या. ते साडी कशी दाखवतात ते एकदा बघण्यासारखं आहे."

मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून जरा जास्तच वेळ पाहिलं.

नत्थूजी गादीवर परतले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम आल्या. सासूबाईंसाठी साडी हवी म्हणाल्या. नत्थूजींना काय आनंद. पाणी, चहा, पंखा त्यांच्याकडे वळवणं, सगळं झालं. मग त्यांनी एक पांढरी, जांभळ्या काठाची काढली आणि सवयीनं पालथी घातली.

"ही बाजू का दाखवता?" मॅडमनी विचारलं.

झालं. नत्थूजींनी आपलं सगळं शास्त्र सांगितलं. मागावरची बाजू, लटकते धागे, लक्ष उडालेला विणकर. मॅडम मन लावून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नत्थूजी, तुमचा रिपोर्ट तुम्ही मला कोणत्या बाजूनं दाखवता?"

मी ब्लाउजपीस मोजायला लागलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

"चाळीसची गोळी घेऊन कोलेस्टेरॉल जागचं हलत नाही, असा पेशंट मला अजून दिसायचा आहे," त्या म्हणाल्या. "रागावणार नाही. पाहून घेते फक्त."

नत्थूजी उठले. मागच्या मांडणीवरून साडीचं एक रिकामं खोकं काढून त्यांनी मॅडमसमोर ठेवलं. आत गोळ्यांच्या पट्ट्या. टाकल्या नव्हत्या, विणकराच्या घरात काही टाकत नाहीत. दहाच्या खाली, विसाच्या मध्ये, चाळीसच्या वर, सगळ्या काठाला काठ जुळवलेल्या.

"घ्यायची भीती वाटून राहिली होती," ते म्हणाले. मग गजानन सांगितला. हळदीसारखे डोळे, पोट, ते वाक्य. सांगताना सगळा वेळ ते पांढऱ्या साडीची किनार सरळ करत होते, जी सरळच होती.

मॅडमनी मांडी नीट घातली. "तुमच्या भावाला कोणी ही गोळी दिली असती, तर मीसुद्धा थांबवली असती," त्या म्हणाल्या. "डोळे पिवळे, पोटात पाणी, म्हणजे त्याचं लिव्हर थकून खाली बसलं होतं. त्या लिव्हरला ही गोळी नाही द्यायची. तुमचं तसं नाही. तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, साखरेनं ते थोडं कडकही झालंय, हे मी लपवत नाही. पण ते रोज कामावर येतं आहे. अशा लिव्हरला ही गोळी बहुतेक वेळा झेपते, आणि तुमच्या हृदयाला तिची गरज आहे."

"आणि आकडा वर गेला तं?"

"थोडा गेला तर आपण थांबून बघू. सुरुवातीला जातो कोणाकोणाचा, पुन्हा खाली येतो. खूपच वर गेला, तिपटीच्या पुढे, किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच माझ्याकडे. पण इस्त्री केलेल्या आकड्यावरून मला काहीच कळत नाही. मी तर आंधळ्यासारखी गोळी वाढवत बसले होते."

इस्त्री हा शब्द मॅडमना कुठून मिळाला, हे नत्थूजींनी त्यांना विचारलं नाही. माझ्याकडे मात्र एकदा पाहिलं. ईश्वरसाक्ष सांगतो, मी तो सांगितला नव्हता. साड्यांच्या दुकानात बसल्यावर तो माणसाला आपोआप सुचत असावा.

"पुन्हा विसापासून सुरू करू," मॅडम म्हणाल्या. "आणि एक गोष्ट पक्की. बंद करायची वेळ आली तर मी बंद करीन. तुम्ही नाही."

नत्थूजींनी मान हलवली. मॅडमनी ती पांढरी साडी घेतली. त्या रात्रीच, मला नंतर कळलं, नत्थूजींनी वर्षाला फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्षानं मला फोन केला आणि दहा मिनिटं माझी जी खरडपट्टी काढली, ती इथे लिहीत नाही.

पुढच्या तपासणीला नत्थूजी मुद्दाम बिनइस्त्रीचा सदरा घालून गेले. आदल्या दिवशी नेहमीसारखे पोहे खाल्ले होते, तर्री थोडी. लिव्हरचा आकडा खरंच जरासा वर गेला. नत्थूजींचा चेहरा पडला, पण गोळी त्यांनी सोडली नाही. त्याच्या पुढच्या वेळी तो आकडा मुकाट्यानं जागेवर येऊन बसला आणि लोणी निम्म्यावर आलं. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक गादीवर एकेक संत्रं पोचलं.

मग हा माणूस गल्लीचा डॉक्टर झाला. गांधीबाग ते इतवारी कोणी म्हणालं की भाऊ, मी ती गोळी बंद केली, माझं बी लिव्हर फॅटी निघालं, की नत्थूजी गुडघा उभा करून विचारायचे, "कोणं बंद केली? डॉक्टरनं का तू?" मी केली म्हटलं की त्याची सुटका नाही. "सगळे रिपोर्ट घे अन् डॉक्टरले दाखव. उलटी बाजू पहिले." स्वतः कोणाला एक गोळी सुचवत नसत. फक्त पाठवत.

अशी सहा वर्षं गेली. हृदयानं पुन्हा कधी तक्रार केली नाही. लिव्हर मात्र साखरेच्या संगतीनं आपल्या वाटेनं चालत राहिलं. आधी पाय सुजायला लागले, मग दुकान सुटलं, मग ते हुडकेश्वरला वर्षाकडे राहायला गेले. मागच्या वर्षी एका सकाळी वर्षाच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून त्यांना मॅडमकडे मी घेऊन गेलो. पोट पुढे आलं होतं, पण हे जुनं पोट नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं, मॅडमनाही आणि नत्थूजींनाही.

मॅडमनी तपासलं, रिपोर्ट वाचला आणि कागदाच्या मागच्या बाजूला औषधं लिहायला घेतली. पाणी उतरवायचं एक, आणखी काही. मग लिहिता लिहिता थांबल्या. "ती कोलेस्टेरॉलची गोळी आता बंद करू."

नत्थूजींनी विचारलं, "कोण बंद करून राहिलं? तुम्ही का मी?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "गोळीनं हे झालेलं नाही, नत्थूजी. तिनं तुमचं हृदय एवढी वर्षं सांभाळलं. आता लिव्हरला ती झेपणार नाही."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. खिशातून पट्टी काढून त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली. चार गोळ्या उरल्या होत्या.

ऑटोत मानेवाडा चौक गेल्यावर म्हणाले, "सहा वर्षं झाली न गा? गजाननले नाही मिळाली एवढी." मी बाहेर बघत होतो, आणि मनात एकच चाललं होतं. घरी वर्षा विचारेल. आता हे काय सांगतील? माणूस पोरीसाठी काय काय झाकतो ते मला माहीत होतं, आणि झाकायची कला तर त्यांना येत होतीच. इस्त्री गरमच होती, फक्त फिरवायची होती.

वर्षा शाळेतून येऊन दारातच उभी होती. "काय म्हणे मॅडम?" तिनं विचारलं, आणि पाहिलं माझ्याकडे. मागचा अनुभव ती विसरली नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत नत्थूजी म्हणाले, "बस वं इथी. दाखवतो."

ओसरीवर ते उजवा गुडघा उभा करायला गेले, पोटामुळे जमलं नाही, मग तसेच बसले. पाकिटातून रिपोर्ट काढला. खिशात, हातात, ऑटोत तो पार चुरगळला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, पालथा केला आणि मॅडमचं अक्षर होतं ती बाजू तिच्याकडे फिरवली.

"पहिले ही बाजू पाह्य," ते म्हणाले. "ते लोणीवाली गोळी मॅडमनं बंद केली. काहून केली, ते सांगतो."

मी चपला घातल्या आणि निघालो. फाटकाची कडी लावताना मागे वळून पाहिलं. दोघांची डोकी त्या कागदावर वाकली होती आणि ते बोटानं एकेक ओळ दाखवत होते. कागदाला आडव्यातिडव्या किती घड्या पडल्या होत्या, फाटकातून मला दिसत होत्या. त्यांनी एकही सरळ केली नाही. दुसरा हात वर्षाच्या पाठीवर होता.